देवीचे कान

सत्यस्थानाची वस्ती, पश्चिम तीर
पुराच्या ऋतूचा तिसरा महिना, दहावा दिवस

पूर्व तीरावर देवळाच्या भट्टीमागे राहणाऱ्या मेरुतमुत सुईणीला, पाथरवट नाखीची बायको तामेकेत हिच्याकडून.

आमेन, मुत आणि खोन्सू तुला आयुष्य देवोत, हातीपायी धड ठेवोत, म्हातारपण सुखाचं देवोत. रोज सकाळी सूर्य वर येताना मी सगळ्या देवांना तुझ्यासाठी हेच सांगते. हे झालं रीतीचं. रोज सांगत नाही, खोटं कशाला बोलू? पण या महिन्यात सांगितलंय.

टोपली बघून दचकू नकोस. वर कांदे आणि सुके मासे आहेत, खाली पत्र आहे. पपायरस आमच्या घरात कुठला? परसात नाखीच्या छिन्नीखालून उडालेल्या चिपा गोळा केल्या आणि त्यांच्यावर लिहिते आहे. प्रत्येक चिपेच्या कोपऱ्यात रेघा मारल्यात. एक रेघ ती पहिली, दोन रेघा ती दुसरी, तशी लाव. धोब्याचं गाढव वाटेत टोपली घुसळल्याशिवाय राहायचं नाही. अक्षर वाकडं आहे, ओळी एकमेकींवर चढल्यात, ते चालवून घे. दिव्याच्या वातीत मीठ जास्त पडलंय, नुसता धूर होतो. तू या घरात असताना नाखीकडून जेवढी अक्षरं शिकलीस तेवढीच मीही शिकले, तेव्हा माझं तुला वाचता येईल.

आता मुद्द्याचं. माझी शेरीत बरी आहे. तिची लेक दूध पिते, रडते, पुन्हा पिते. जावई परवा पीठ न्यायला या तीरावर आला होता. म्हणाला, "सासूबाई, तुमची नात भट्टीच्या आवाजातही झोपते." म्हटलं, माझी लेक तशीच होती, दगड फोडले तरी झोपायची.

शेरीतनं मला सगळं सांगितलंय. नदी फुगली होती, नावाडी होडी सोडायला तयार नव्हता. मी काठावर उभी राहून त्याच्या सात पिढ्या काढल्या तरी तो हलला नाही. पलीकडे माझ्या एकुलत्या एका लेकीला कळा सुरू आणि घरात म्हातारं माणूस कुणी नाही. जावयाला जवळची सुईण सापडली ती तू. तो तुला ओळखत नव्हता, पण तू ओळखलंस. दारात येऊन विचारलंस म्हणे, "ही नाखीची ना?" शेरीत म्हणाली, "हो." तिला वाटलं तू आता उलट्या पावली जाणार. तू पदर खोचलास आणि म्हणालीस, "मग आजासारखाच हट्टी असणार आत जो आहे तो. विटा आणा." मूल पायाकडून होतं. शेरीत म्हणते, तू तिला विटांवर बसवून मागून धरून ठेवलंस, हात भरून आले तरी सोडली नाहीस. आणि सगळा वेळ तिला शिव्या घालत होतीस. शिव्या ऐकून तिला मी तिथं असल्यासारखं वाटलं, असं म्हणाली. हे ऐकून मला राग यावा की काय यावं ते कळेना. मी तिला म्हटलं, गप पड.

मेरुतमुत, माझी लेक जिवंत आहे. हे मी लिहिते आणि पुन्हा वाचते. आभार कसे मानतात ते मला येत नाही. आईनं शिकवलं नाही, तिलाही येत नव्हतं. कांदे खा.

नावाडी एकदाचा तयार झाला आणि मी तिकडे आले होते तेव्हा तुझ्या अंगणात माझा पाय बिअरच्या रांजणाला लागला आणि निम्मी बिअर सांडली. वाटेत रांजण कोण ठेवतं? पण सांडली ती सांडली. पुढच्या खेपेला जव पाठवीन. नातीचं नाक कुणासारखं आहे ते तू कळव. मी बघितली तेव्हा ती झोपली होती, तोंड फडक्यात होतं, नीट बघायला मिळालं नाही.

आता दुसरं. त्या दिवसांत मी गच्चीवर चढून शिखराकडे तोंड करून नवस बोलले. शिखरावरची मेरेतसेगेर शांतता आवडणारी आहे, तिला हळू सांगायचं असतं, हे मला ठाऊक नाही का? पण हळू माझ्याकडून होत नाही. ओरडून सांगितलं, "लेक जगली तर तुझी शिळा उभारीन, कोरीव, वाटेवरच्या कोनाड्यात!" शेजारची हुनेरो खालून म्हणाली, "अगं, देवी आहे ती, पाणक्या नाही." तर लेक जगली. शिळा द्यायला हवी.

शिळा एकच आहे. तुला माहीत आहे ती. फारोच्या थडग्याचा पांढरा दगड कुणाच्या बापाचा नाही, तिथला खडाही घरी आणता येत नाही. तेव्हा परसातली ती जुनी, तुझ्यावेळची. एका बाजूला देवी आसनावर बसलेली, नागाच्या तोंडाची, वर तिचे दोन कान कोरलेले, समोर नाखी गुडघ्यावर हात वर करून, त्याच्यामागे तू, नाकाशी कमळ धरून. तुझ्या डोक्याशी तुझं नाव. खालची पट्टी कोरी. तू गेलीस त्यानंतर नाखीनं तिला छिन्नी लावली नाही. टाकूनही दिली नाही. ती पाट्याशेजारी टेकलेली असते आणि मी तिच्या बाजूला बसून पीठ दळते. तुझ्या नावातलं ‘मुत’ लिहायला काढलेलं ते गिधाड रोज माझ्याकडे बघत असतं.

तर बाईची जागा एकच आहे. नवस माझा आहे. तेव्हा तुझं नाव गिलाव्यानं बुजवून त्यावर माझं कोरायचं. सगळे तसंच करतात. चेहरा सगळ्यांचा सारखाच, नाव ज्याचं त्याची ती आकृती. पण ज्याचं नाव जातं त्याचा कोनाड्यात शिळेपुढे ठेवतात त्या भाकरीतला वाटाही जातो, आणि वस्तीत रीत आहे की जिवंत माणसाचं नाव बुजवायचं तर त्याला आधी सांगावं. म्हणून सांगते. विचारत नाही, सांगते.

धोबी परत यायच्या आत उत्तर दे.

तामेकेत


सत्यस्थान
पुराच्या ऋतूचा चौथा महिना, चौदावा दिवस

मेरुतमुतला, तामेकेतकडून.

आमेन तुझं भलं करो, बाकीचे देव मागच्या पत्रातले घे.

तुझं उत्तर मिळालं. एवढंसं खापर, त्यावर दोन ओळी. "बुजव. मला तिथं जेवायला यायचं नव्हतंच." बरं झालं. भांडण नको होतं मला. तू चार शिव्या लिहिल्या असत्यास तर मला उत्तर द्यायला सोपं गेलं असतं, पण ते जाऊ दे.

दुसरं मात्र मला कळलं नाही. खापरासोबत ती वेळूची नळी कशाला पाठवलीस? हिरवं अंजन, मधात कालवलेलं. नळीवर "रोज दोनदा" असं लिहिलंस. माझ्या डोळ्यांना काय झालंय? रांजणाला पाय लागला एवढ्यावरून? मी वस्तीतली सगळ्यात आधी उठणारी बाई आहे. गाढवांच्या पावलांवरून पाणक्या कोणता ते सांगते. कालच हुनेरो अंगणात आली आणि मी तिला तोंड उघडायच्या आत म्हटलं, "नव्या चपला घातल्यास वाटतं?" कुणी आंधळं असं बोलेल का? नळी फडताळात ठेवून दिली आहे. लागेल कुणाला तर देईन.

आणि हे नाखीला कळवू नकोस. कळवलंसच तर मला कळेल.

शिळेचं काम झालं. म्हणजे माझ्या वाटणीचं झालं. झालं असं की मी नाखीला म्हटलं, उद्या तू दरीतल्या कामावर जाशील तो दहा दिवस येणार नाहीस, तेव्हा आज गिलावा कालव आणि ते नाव भर. तो म्हणाला, "बघू."

"बघू काय? तिनं बुजव म्हणून कळवलंय."

"तिनं कळवलं ते ऐकलं."

"मग?"

"मग काही नाही. हात दुखतोय."

हात दुखतोय म्हणे! सबंध दिवस हात वर उचलून थडग्याच्या छतावर चांदण्या कोरतो तेव्हा दुखत नाही. मी म्हटलं, "तुला त्या बाईचं नाव बुजवायचं नाही, असं सरळ सांग." तो म्हणाला, "तामेकेत, त्या बाईनं तुझी लेक वाचवली." मी म्हटलं, "मला माहीत आहे कुणी वाचवली! तू मला शिकवू नकोस!" मग त्यानं शिळा आडवी पाडली आणि खालच्या पट्टीवर लाल रेघा ओढत बसला, मजकुरासाठी. पहाटे उठून दरीत निघून गेला. गिलावा कालवला नाही तो नाहीच.

मग मी कालवला. मला काय येत नाही का? इतकी वर्षं बघते आहे. जिप्सम भाजलेलं होतंच. दुपारचं सगळी वस्ती झोपते तेव्हा परसात बसले आणि बोटानं भरलं. खळगे चाचपले, त्यात लगदा दाबला, वरून ओल्या फडक्यानं सारखं केलं. वाळल्यावर हात फिरवून बघितलं तर इतकं गुळगुळीत झालंय की नाखीलाही जमलं नसतं. तुझं नाव गेलं. आता गिधाड माझ्याकडे बघत नाही.

वाईट वाटून घेऊ नकोस.

मला वाटलं होतं बरं वाटेल. वीस वर्षं ते गिधाड माझ्या पिठावर बसलं होतं. लग्न करून आले त्या दिवशी सासूनं दाखवलं होतं, "ही आधीची." लोक म्हणायचे, तुला मूल झालं नाही म्हणून नाखीनं घालवलं. नाखी म्हणायचा, नाही, ती आपण होऊन गेली, त्या दगडापुढे बसून मागून मागून थकली आणि एक दिवस उठून गेली. मला दोन्ही ऐकायचं नव्हतं. शेरीत झाली तेव्हा मी तिला त्या दगडासमोर धरून म्हटलं होतं, बघ. तुला बघ म्हटलं होतं. आता तिथं हात लावते तर सगळं सपाट आहे. दोन दिवस झाले दळलं नाही. हुनेरोकडून पीठ आणलं. ती म्हणाली, "नवस फेडायचा म्हणजे आनंदाचं काम, आणि तुझं तोंड असं का?" म्हटलं, माझं तोंड जन्मापासून असंच आहे.

शेरीतला माझा निरोप दे. तुझ्याकडे येत जाते म्हणे ती, लेकीला घेऊन. येऊ दे. माझ्याबद्दल काय बोलता दोघी, ते मला कळायला नको.

जव पाठवलाय. रांजण वाटेतून हलव.

तामेकेत

नातीच्या नाकाचं तू लिहिलं नाहीस.


सत्यस्थान
पेरणीच्या ऋतूचा पहिला महिना, सुटीचा दिवस

थोरलीला, तामेकेतकडून.

आमेन, मुत, खोन्सू आणि शिखरावरची ती, सगळ्यांनी तुला आयुष्य द्यावं. या वेळी खरंच रोज सांगते.

अक्षर बघून तू ओळखलंच असशील. हो, हे नाखीच्या हातचं आहे. पपायरसवर लिहितोय, कुठून तरी एक तुकडा खरवडून आणलाय, तुझ्यासाठी म्हणे. माझ्यासाठी चिपा चालतात. सुंदर वळण बघून हुरळून जाऊ नकोस, बोलते आहे मी. त्याला बजावलंय की मी म्हणेन तेच लिहायचं, मध्ये स्वतःचं एक अक्षर घालायचं नाही. घातलं असेल तर ते माझं समजू नकोस. आता तो हसतोय. ते पण लिही म्हटलं.

मी का लिहीत नाही ते तुला माहीत आहे. मला सांगायचं नव्हतं. पण आता वस्तीतल्या कुत्र्यालाही माहीत झालंय, तर तुला तरी का न सांगू.

दोन सुट्यांपूर्वी नाखी दरीतून आला. हातपाय धुतले, भाकर खाल्ली, शिळेपाशी गेला. मी चुलीशी. दगडावर त्याचा हात फिरल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "हे कुणी केलं?"

"मी. तू करत नव्हतास ना."

"काय बुजवलंस तू?"

"तिचं नाव. दुसरं काय बुजवणार?"

"इकडे ये."

"भाकर जळेल."

"जळू दे. इकडे ये. हात दे."

त्यानं माझं बोट धरलं आणि दगडावर टेकवलं. म्हणाला, "हे काय आहे?" चोच होती. मग मान. मग पंख. गिधाड जागच्या जागी होतं, थोरले. तुझं अख्खं नाव तसंच होतं. मग त्यानं माझं बोट वर नेलं. तिथं सपाट. गुळगुळीत. मी एवढं कौतुक केलेलं.

"आणि हे काय आहे?"

"काय आहे?"

"इथं देवीचे कान होते, तामेकेत."

त्यानं शिळा आडवी पाडताना उलटी टेकवली होती, डोकं दाराकडे. मी नेहमीसारखं डोकं भिंतीकडे आहे असं धरून चाललेली. खालून वर, उजवीकडून, चाचपत. दोन खळगे लागले, म्हटलं हेच नाव. डोळस माणसानं एकदा बघितलं असतं तरी कळलं असतं.

तेवढ्यात भिंतीवरून हुनेरो. ती भिंतीला कान लावूनच जन्मली आहे. "अगं आई गं! कान बुजवले? देवीचे?" मी म्हटलं, "गप, हुनेरो." ती म्हणाली, "मी गप बसेन, पण आता ती ऐकणार कशी कुणाचं?" आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या दारांत तेच. कुणी म्हणालं, शिखराच्या नावानं खोटी शपथ घेतली असेल, म्हणून दिवसाउजेडी अंधार पाहावा लागतो. मुकादमाची बायको दारावर येऊन उभी राहिली, नुसती बघून गेली. म्हणजे बघून गेली असेल. मला तिच्या बांगड्या ऐकू आल्या.

याचंच भय होतं मला. म्हणून लपवत होते. डोळे जाणं म्हणजे इथं आजार नाही, शिक्षा आहे, तुला ठाऊक आहे. मागच्या पेरणीपासून उजेड मधोमध डागाळायला लागला. आधी सुईत दोरा जाईना. मग डाळीत खडे राहायला लागले, नाखी म्हणायचा डाळ वाईट आली. मग माणसांची तोंडं गेली. कडेकडेनं थोडं दिसतं, समोरचं नाही; तुझं खापर मी तसंच तिरकं धरून वाचलं. मी पावलं ऐकून ऐकून वेळ मारून नेली. तू मात्र एका रांजणावरून ओळखलंस.

नाखीनं विचारलं, "कधीपासून?" मी म्हटलं, "काय कधीपासून?" तो म्हणाला, "तामेकेत." एवढंच. मग मी सांगितलं. वाटलं ओरडेल. त्यानं बारीक तांब्याची टोचणी घेतली आणि कान कोरत बसला, लहान मुलाच्या कानातला मळ काढतात तसा, फुंकर मारत मारत. सगळी सुटी त्यात गेली. मध्येच म्हणाला, "त्या बिचारीला बरंच वाटलं असेल. वीस वर्षं तुझा आवाज ऐकते आहे, दहा दिवस तरी शांतता मिळाली." मी इतकी हसले की मला रडू आलं. हे लिहू नको म्हणाला. लिही म्हटलं.

कान मोकळे झाले तेव्हा मी म्हटलं, "आता तिचं नाव राहू दे."

"आणि तुझं?"

"जागा कुठं आहे?"

तो म्हणाला, गिलावा पुन्हा कालवू. मी म्हटलं, नको. मी सगळं आयुष्य ते नाव बुजवायला टपलेली होते आणि ज्या दिवशी माझ्या हातात लगदा आला त्या दिवशी माझ्या हातानं भलतंच बुजवलं. ज्या बाईनं माझी लेक विटांवर धरून ठेवली तिचं नाव मी पुसायला निघाले होते, तेही तिलाच वर सांगून. तुला ते बरोबर वाटलं होतं की काय कोण जाणे. दोन ओळीत "बुजव" म्हणालीस. तुला राग कसा आला नाही? का आला होता आणि तू अंजन कालवलंस?

मी एक विचार केला आहे. त्या शिळेपुढे बसून तू मूल मागितलं होतंस ना? देवीनं ऐकलं नाही, असं समजून निघून गेलीस. तुझ्या हातांवर आता पूर्व तीरावरची किती पोरं झाली असतील, सांग मला. शेवटी माझी नातही. मला त्यातलं कळत नाही, मी काही पुजारीण नाही. पण तिनं तुझं अगदीच ऐकलं नाही, असं मला आता म्हणवत नाही.

तर शिळा अशी झाली आहे. देवी आहे तशीच. नाखी गुडघ्यावर. तू कमळ धरून, तुझं गिधाड जागेवर. वर दोन कान, आता स्वच्छ. कानांच्या खाली एक बोटभर पट्टी होती, तिथं नाखीनं माझं नाव कोरलंय. नुसतं नाव, आकृती नाही. तो म्हणाला, "चेहरा नाही बसायचा." म्हटलं, चेहरा काय करू, मला तरी कुठं दिसणार आहे. कानाशी राहीन, तिथंच मला बरं. तिला शांतता आवडते तर आवडू दे, माझं तिला ऐकावंच लागेल.

खालच्या कोऱ्या पट्टीत मजकूर आला. मी सांगितला, त्यानं लाल रेघांत लिहिला, काळ्यानं सुधारला, मग कोरला. मी रोज बोट फिरवून वाचते. "शिखरावरच्या मेरेतसेगेरला, नाखीची लेक शेरीत जगली म्हणून, तिची मुलगी जगली म्हणून. मेरुतमुतच्या हातांनी. तामेकेतच्या नवसाची." मुकादमानं येऊन बघितलं, म्हणाला, "दोन बायका एका दगडावर, असं कुणी करत नाही." मी म्हटलं, "आम्ही केलं." नाखी म्हणाला, "दगड माझा आहे." मुकादम गेला. त्याच्या बायकोनं दुसऱ्या दिवशी अंजीर पाठवले, का ते विचारायला मी गेले नाही. गोड होते.

तुझी नळी फडताळातून काढली. रोज दोनदा. झोंबतं, मेलं. फरक काय पडणार, तुला माझ्याहून जास्त माहीत. पण मधाच्या वासानं सकाळी उठल्यावर तुझं अंगण आठवतं, रांजणासकट. उजेड कुठल्या बाजूला आहे ते अजून कळतं, आणि कुठल्या बाजूला माणसं आहेत तेही. लेक आहे, नात आहे. नवरा समोर बसून माझ्या शिव्या सुंदर अक्षरात लिहितोय. आणि पलीकडच्या तीरावर एक बाई आहे, मी तिची कुणी नसताना जिनं माझं सगळं सांभाळलं. कमी काय आहे मला?

आता ऐक. शिखराच्या सणाला शिळा वाटेवरच्या कोनाड्यात बसवायची आहे. पाणी उतरलंय, नावाड्याला मी आधीच सांगून ठेवलंय, या वेळी नाही म्हणाला तर त्याच्या आठव्या पिढीपासून सुरू करीन. शेरीतला आण, पोरीला आण, आणि तू ये. नाखी शिळा उचलेल, त्याचे हात रिकामे नसतील. वर चढायला मला खांदा लागेल. हुनेरो देते म्हणाली, पण ती वाटभर बोलत राहील आणि देवीला एक माझी बडबड पुरे आहे.

नातीच्या नाकाचं तू अजून लिहिलेलं नाहीस. लिहू नकोस आता. तिला माझ्या मांडीवर ठेव, मी बोटानं वाचीन. दगड वाचते तशी. हळू.

कोनाड्यापुढे भाकर ठेवली की आपण दोघी तिथंच बसून खाऊ. तुला तिथं जेवायला यायचं नव्हतं म्हणे. येशील.

नाखी, बोरू इकडे दे. शेवटची ओळ माझी आहे. वाकडी होईल, होऊ दे.

माझी लेक आहे. तू होतीस म्हणून आहे.

तुझी धाकटी
तामेकेत